ओवीत न गेलेलं नाव

काठी सदूनं उचलायची होती. उचलली ती त्याच्या बानं.

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन चाफ्याच्या अर्ध्या उघड्या फांद्यांतून खाली उतरलं होतं. गावदेवीपुढच्या अंगणात, मांडावर, शेणानं सारवलेल्या चौकोनात, कोंडाजीनं काठी आडवी ठेवली होती. दोन्ही हातांनी, लेकरू निजवावं तशी. मग उजवा पाय टाकून तो तिच्यावरून पलीकडे गेला आणि पाच वर्षांची पाटीलकी एका पावलात उतरली. आता सदूची आई बायजा ओवी म्हणणार, ओवीत कोंडाजीचं नाव जाणार, मग सदू वाकणार. बोरखळात हे असंच चालत आलेलं. पाटलाच्या घराच्या दोन पात्या, म्हणजे शाखा, थोरली आणि धाकटी. पाच वर्षं हिची, पाच वर्षं तिची. आणि एका माणसाच्या हाती काठी जन्मात एकदाच.

सदू घाई करून आधीच वाकला होता. त्याच्या बोटांना सारवणाचा गारवा लागला. काठी मात्र वर गेली.

"ही पाळी मी करतो," आबाजी म्हणाला.

आवाज चढा नव्हता. घरात पाणी हाय का, असं विचारावं इतका साधा. म्हणूनच त्याचा अर्थ कुणाला पटकन कळला नाही. मांडावर साठ-सत्तर माणसं होती, पोशीरचे दोन व्याहीही आलेले. त्यातल्या एकालाही खोकला आला नाही. सदू वाकलेला तो वाकलेलाच राहिला. डोक्यावरचा नवा फेटा बायकोनं सकाळी तीनदा सोडून बांधला होता. तो आता एका बाजूला कलला, पण हात वर नेऊन तो सावरायचं त्याला सुचेना.

"बा," तो म्हणाला.

कर्जतच्या कचेरीतून आलेले अप्पा कारकून घोंगडीवर दौत मांडून बसले होते. त्यांनी टाक बुडवला होता तो तसाच धरून ठेवला. कागदावर शाईचा थेंब पडला.

"पाटील—" अप्पा म्हणाले, आणि तीन माणसांनी एकदम वर पाहिलं.

मागं बायकांत कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच तोंडाला पदर लावला. हसणारीलाही भीती वाटली असावी.

सगळ्यांच्या आधी कोंडाजीला वाचा फुटली. तो आबाजीचा धाकटा चुलतभाऊ. अंगानं जाड, मनानं कच्चा, पाच वर्षांत आवाज तेवढा कमावलेला.

"दादा, ह्ये काय चाललंय? तुजी पाळी झाली की! मागल्या खेपंला ह्याच जागी तू काठी ठेवलीस आन मी उचलली. ही समदी मानसं व्हती. देवी बघत व्हती."

"ठेवली. खरं हाय."

"वलांडली."

"वलांडली."

"मंग?"

आबाजीनं काठी जमिनीवर टेकवली. टोकाच्या लोखंडी वळ्याचा जुना आवाज झाला, आणि मांडावरच्या म्हाताऱ्यांच्या पाठी आपोआप ताठ झाल्या. पाच वर्षं कोंडाजी हीच काठी टेकवीत होता, पण असा आवाज तिच्यातून कधी निघाला नव्हता.

"काठी वलांडून पाटील उतरत नाय, कोंड्या. ओवीत नाव गेलं म्हंजे उतरतो. आसं कोन म्हनायचं? चिंधी आत्या, तू सांग. तुजा बा काय म्हनायचा?"

चिंधी आत्या म्हणजे दोन्ही पात्यांची शिल्लक राहिलेली एकुलती एक आत्या. दात नव्हते, कान अर्धे होते, पण गावची आठवण तिच्यापाशी ठेवलेली. ती चाफ्याच्या पारावर पाय सोडून बसली होती.

"नाव गेलं की गेलं," ती म्हणाली. "माजा बा म्हनायचा, ओवीत गेल्यालं नाव काठीवर बसत नाय. धर्माजी मोप रडला व्हता. तुजा बा रं. म्हनं, अजून पाच वर्सं द्या, तळ्याचा बांध व्हायचाय. आमच्या आईनं ओवीत नाव घेतलं, संपलं. बांध दुसऱ्यानं घातला."

"आयकलंत?" आबाजी म्हणाला. "मंग माजं नाव ओवीत कुनी आयकलं? ज्यानं आयकलं आसंल त्यानं पुढं यावं."

कुणी पुढं आलं नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. आणि मग एकेकाच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. शांत तळ्यात खडा पडावा आणि वलय काठापर्यंत यावं, तसं ते पुरुषांतून बायकांपर्यंत गेलं, आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा बायजावर येऊन थांबल्या.

पाच वर्षांपूर्वी ओवी बायजानं म्हटली होती. ओवी म्हणायची ती घराच्या थोरल्या बाईनं. तोवर ती भागूबाईची, आबाजीच्या आईची होती. पण त्या साली भातकापणीतच भागूबाई गेली आणि ओवी थोरल्या सुनेकडे आली. बायजा पहिल्यांदाच मांडावर उभी राहिली. सगळी नावं तिनं नीट घेतली. शेवटचं नाव नवऱ्याचं. ते बायकोनं कसं घ्यावं? तिनं 'सदूचा बा' म्हटलं. कुणाला वावगं वाटलं नाही. उलट बायका म्हणाल्या, काय गोड जुळवलंन.

"सदूचा बा व्हता, आसं म्हनलं हिनं," आबाजी म्हणाला. "सदूचा बा ह्ये काय नाव झालं? ह्या गावात सदू तीन हायेत. तीन बापं काय एकदम पाटील व्हते?"

दुसऱ्या एका सदूचा बाप गर्दीत उभा होता. त्यानं उगाच धोतराचा सोगा झटकला. एरवी सगळे हसले असते.

"वैनी!" कोंडाजी ओरडला. "तुमी काय तरी बोला."

बायजा पायाखालच्या सारवणाकडे बघत होती. कोंडाजी अप्पांकडे वळला.

"अप्पा, तुमी तरी सांगा. सरकारात काय लिवलंय?"

अप्पांनी टाक पुसला. दहिवलीच्या त्यांच्या ओसरीवर सदू दोन पावसाळे अक्षरं गिरवायला गेला होता. त्याच्याकडे न बघता ते म्हणाले, "सरकारात पाळी लिहिलेली आहे. यंदा थोरल्या पातीची. थोरल्या पातीतला कोण, हे तुम्ही सांगायचं, मी लिहायचं. एका माणसानं एकदाच, असं आमच्या कुठल्याही कागदात नाही. ते तुमच्या ओवीत आहे. आणि ओवी काही कचेरीत दाखल नाही."

"म्हंजे बा पुना व्हऊ शकतो?" सदूनं विचारलं. तो आता उभा राहिला होता.

"सरकारची हरकत नाही."

सदूला वाटलं, आपल्या पायाखालचा मांड कुणीतरी चटईसारखा ओढून घेतला. महिनाभर तो एकच अर्ज लिहीत होता, पुसत होता, पुन्हा लिहीत होता. जंगलाची नवी हद्द पडली तेव्हापासून गावाला टहाळ्या तोडायची बंदी झाली होती. वाफ्यावर टहाळ्या अंथरून राब भाजल्याशिवाय भाताची रोपं धरत नाहीत, हे साहेबाला सांगायचं कुणी? पुढच्या आठवड्यात साहेबाचा तळ कर्जतला पडणार होता. त्याच्यासमोर बोरखळचा पाटील म्हणून आपण उभं राहायचं, हे सदूनं इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की त्याला ते घडून गेल्यासारखं वाटत होतं.

"बा, सकाळी देवाम्होरं तूच टिळा लावलास मला," तो म्हणाला. "तवा का नाय बोललास?"

आबाजीची नजर हलली. "तवा ठरलं नव्हतं."

"मंग कवा ठरलं?"

"तू वाकलास तवा. तुजी मान बघितली मी. कवळी मान हाय रं अजून. राबाचा सवाल हाय, पोरा. साहेब खुर्चीत बसून इचारनार, आन तू कागद वाचून दावनार? मी मोजनीच्या साली त्याच्या मानसाला तीन दिस उन्हात उभा केला व्हता, आपला बांध आपल्या बाजूला ठेवला व्हता. गावाला आठवतंय."

गावाला आठवत होतं. दोन-चार डोकी हलली. सदूनं ती मोजली नाहीत, पण ती त्याला लागली.

इंदूबाईच्या डोक्यात तोवर चाक फिरलं होतं. कोंडाजीची बायको ती. नवऱ्याच्या पुढं एक पाऊल असायची सवय तिला लग्नापासून होती. आज सकाळपासून ती गप्प होती. उद्यापासून विहिरीवर तिला कुणी आधी घागर भरू देणार नव्हतं, हे तिनं रात्रीच पचवून टाकलं होतं. आणि आता बघता बघता हे दार किलकिलं झालं. ती पदर सारखा करीत नवऱ्याच्या मागे गेली आणि पाठीत बोट खुपसून कुजबुजली, "आवो, भांडता कशापायी? तुमचं नाव तरी कुठं गेलंय अजून?"

कोंडाजी थबकला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू मिटलं, आणि मिटताना त्याचा चेहरा बदलला.

"तसं बघाया गेलं तर," तो म्हणाला, "दादा म्हनतो त्यात कायतरी हाय."

"काका!" सदू म्हणाला.

"नाय, म्हंजे नाव नाय गेलं ह्ये खरं हाय की. खोटं कसं बोलू? देवीम्होरं उभा हाय मी. आन वैनी, आज माजंबी नाव नगा घेऊ. इंदीचा धनी म्हना. न्हाय तर धाकट्या पातीचा म्हना. कसंबी. म्हंजे पुढच्या पाळीला..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती. मघाशी भांडणारे दोन भाऊ आता काठीच्या एकाच बाजूला उभे होते, आणि दुसऱ्या बाजूला कललेल्या फेट्याचा सदू एकटा.

"आगं बया," चिंधी आत्या पारावरून म्हणाली. "म्हंजे आता मरस्तवर ह्ये दोघंच का रं? आलटून पालटून? आन बाकीची पोरं काय काठीचं वळं चाटतील?"

या खेपेला मात्र माणसं हसली. पण हसू लगेच विरलं, कारण तिनं जे म्हटलं ते प्रत्येकाला डोळ्यांसमोर दिसलं.

"आत्या, तू गप," आबाजी म्हणाला. "बायजे, ओवी म्हन. हाय तशीच म्हन. मागल्या खेपंला म्हनलीस तशी."

बायजानं त्याच्याकडे पाहिलं.

सगळ्यांच्या मनात वेगळं काही चाललं होतं. तिच्या मनात भाताची उडवी होती. पाच वर्षांपूर्वीचं दुपारचं ऊन, खळ्यात रचलेली उडवी, तिच्या सावलीत ती दोघं भाकरी खात होती. दुसऱ्या दिवशी मांडावर उभं राहायचं म्हणून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. 'तुमचं नाव कसं वो घेऊ?' तिनं विचारलं होतं. आणि हा माणूस, ज्यानं उभ्या आयुष्यात तिला कधी भाकरी वाढून दिली नाही, त्यानं तिच्या ओंजळीत पाणी ओतलं आणि म्हणाला, 'नगो घेऊस. सदूचा बा म्हन. माजं नाव तुज्या तोंडात नगो, तुलाच लाज वाटंल.' केवढी माया वाटली होती तिला. पाच वर्षं ती दळता-कांडता तो ओंजळीतला गारवा आठवीत आली होती.

"धनी," ती म्हणाली. आवाज इतका हलका की पुढच्या दोन ओळींनाच ऐकू गेला. "त्या दिसाला उडवीपाशी मला काय म्हनलात, आठवतंय?"

आबाजीची नजर काठीच्या वळ्यावर गेली.

"माजी लाज राखली म्हनून मी देवीला नारळ दिला. ती माजी लाज व्हती, का तुमी मागलं दार उघडं ठेवलं व्हतं?"

"बायजे, आता ह्ये हितं—"

"सांगा. देवी बघत हाय."

काठीवर आबाजीच्या हाताच्या शिरा वर आल्या. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, हीच त्याची अडचण होती. तो मांडावरून पलीकडे, भाताच्या कापून उघड्या पडलेल्या खाचरांकडे बघत राहिला.

"मला ठावं नाय," तो शेवटी म्हणाला. "खरंच ठावं नाय गं. तवा तुज्याचसाठी म्हनलो व्हतो. मला वाटतं तुज्याचसाठी. पन मंग काठी गेली. आन सकाळी उठून पडवीत यावं तर पडवी मोकळी. कुनी बसल्यालं नाय. मी चाललो की मानसं उठायची. आता उठत नायत. उठावं का नगो म्हनून आर्धी उठतात, ते तर लईच वंगाळ. तवा कवातरी मला आठवलं की माजं नाव गेल्यालं नाय. मी ते जपून ठेवलं. कुनाला सांगितलं नाय."

पोशीरच्या व्याह्यांनी खाली बघितलं. पाच वर्षं हा माणूस त्यांच्यात उठत-बसत होता, लग्नात पुढं, मयतात पुढं, आणि आत एक न उच्चारलेलं नाव झाकून ठेवून होता, हे ऐकून जुन्या ओळखीच्या घरात अचानक आणखी एक खोली निघावी तसं त्यांना झालं.

सदूला बापाचा राग आला होता. तो कुठं गेला ते त्याला कळेना. "आये," तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बाला करू दे ही पाळी. मी थांबतो."

"तू गप," बायजा म्हणाली. "ह्ये तुजं नाय आता."

तिनं डोक्यावरून पदर घट्ट घेतला, गळ्यातली पोत मुठीत धरली, आणि चाफ्याकडे तोंड केलं. ओवीला वाद्य नसतं. जात्याची घरघर मनात धरायची आणि म्हणायचं.

*काठीचा धनी ग कोन, येसाजी पाटील व्हता,*
*काठी वलांडता, गावाचा झाला.*

बायकांनी शेवटचा शब्द उचलला. *झाला.*

*काठीचा धनी ग कोन, हिरोजी पाटील व्हता,*
*काठी वलांडता, गावाचा झाला.*

एकेक नाव येत गेलं. ज्यांची हाडं कधीच माती झाली ते ऊन खायला आल्यासारखे मांडावर येऊन बसत गेले. गोमाजी. धर्माजी, जो मोप रडला होता. धर्माजीचं नाव झालं, त्याच्यामागून आलेल्या धाकट्या पातीच्या पाटलाचंही झालं, बायकांनी 'झाला' म्हटलं, आणि बायजा थांबली.

इंदूबाईला आधी वाटलं, जाऊबाईचा श्वास सरला. मग तिनं बायजाचे ओठ पाहिले, आणि तिच्या अंगावर काटा आला. बायको नवऱ्याचं नाव घेते ते लग्नात, हळदीत, उखाण्याच्या आडोशानं, हसत. उघड्यावर, साठ-सत्तर पुरुषांत, देवीसमोर, आणि तेही मेलेल्यांच्या ओळीत, 'व्हता' म्हणून? अशानं धन्याचं आयुष्य तुटतं.

"जाऊबाई, नगो!" ती ओरडली. "कुकवाची आन हाय तुला!"

*काठीचा धनी ग कोन,* बायजा म्हणाली. आवाज फुटला, तिनं तो गोळा केला. *आबाजी...*

चिंधी आत्यानं कानामागं हात नेला. कोंडाजी एक पाऊल मागे सरला. अप्पांनी नकळत डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

*...आबाजी पाटील व्हता,*
*काठी वलांडता, गावाचा झाला.*

शेवटचा शब्द उचलायला एकाही बाईचा आवाज निघाला नाही. तो तसाच लोंबकळत राहिला. मग पारावरून चिंधी आत्याचा चिरका सूर आला, "झाला गं बाय, झाला," आणि त्या मागून बाकीच्या आल्या, भांबावलेल्या, मागे-पुढे.

आबाजी हलला नव्हता. इतरांना वाटलं तो आता भडकेल. सदू दोन पावलं पुढे सरकला, काही झालंच तर आईच्या आणि त्याच्या मध्ये असावं म्हणून. पण आबाजीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तीस वर्षं ही बाई त्याला 'अवो' म्हणत होती, 'ह्ये' म्हणत होती, 'आयकलं का' म्हणत होती. आपलं नाव तिच्या आवाजात कसं वाजतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. आई गेल्यापासून ते तसं कुणी म्हटलं नव्हतं, सावकाश, तिन्ही अक्षरं वेगवेगळी ठेवून.

तो खाली वाकला. काठी सारवलेल्या चौकोनात आडवी ठेवली. गुडघा कटकन वाजला. उठताना तो डगमगला तेव्हा सदूनं त्याचा दंड धरला, आणि त्यानं धरू दिला.

"वलांडू का पुना?" त्यानं कुणाला विचारलं कोण जाणे.

"नगो," चिंधी आत्या म्हणाली. "ते झाल्यालं हाय."

बायजानं पुढची ओवी धरली होती. ती आता थांबणार नव्हती. *कोंडाजी पाटील व्हता,* असं तिनं खणखणीत म्हटलं. कोंडाजीनं तोंड उघडलं, इंदूबाईनं त्याच्या पाठीला हात लावला आणि हलकेच मागं ओढलं. "ऱ्हाऊ द्या वो," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ते घागरीसाठी नव्हते.

मग सदू वाकला. या खेपेला काठी त्याच्या हाताला लागली. तापलेली होती, बापाच्या मुठीनं. त्यानं ती टेकवली. आवाज काही फार मोठा झाला नाही. तरी माणसं उठली.

अप्पांनी डाग पडलेला कागद बाजूला ठेवून नवा घेतला. "सदू, वल्द आबाजी," ते लिहिता लिहिता म्हणाले.

"बा," सदू म्हणाला, "साहेबाच्या तळावर माज्यासंगं चल."

"मी? मी कोन आता?"

"गावाचा."

आबाजीनं वर हात नेऊन पोराचा कललेला फेटा सरळ केला.

मांड रिकामा होत गेला. उतरणीच्या पायवाटेनं ती दोघं घरी निघाली, तो पुढं आणि ती चार पावलं मागं, नेहमीसारखी. बायजाच्या मुठीत अजून पोत होती. घोट्याएवढ्या ओहोळापाशी तो थांबला. तिला वाटलं, आता बोलेल. आता तोडून बोलेल.

"बायजे."

"काय वो?"

"पुना म्हन की गं. ह्या हितं. कुनी नाय आयकायला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून पाण्यात उतरली आणि त्याच्या पुढं निघून गेली.

"नाव येकदाच," ती पलीकडून म्हणाली.